पेन्सिलीने लिहिलेले नाव

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना वाचण्याचे काम माझ्याकडे आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. आधी हे काम करणाऱ्या बाईंनी निरोप घेताना माझ्या हाती एक जाड कागद दिला. त्यावर प्रार्थनेचा क्रम निळ्या शाईने सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता: जगभरच्या ख्रिस्ती मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, शोकात असलेल्यांसाठी, कैद्यांसाठी आणि त्यांच्यावर पहारा करणाऱ्यांसाठी. राज्यकर्त्यांच्या ओळीत मात्र मध्ये थोडी जागा मोकळी सोडली होती आणि तेवढ्या जागेतले नाव पेन्सिलीने लिहिलेले होते. "ते बदलत राहतं," एवढेच बाई म्हणाल्या. मला ती एक साधी सोय वाटली आणि मी कागद पवित्र शास्त्राच्या पानांत ठेवून दिला.

पुढे एका निवडणुकीत, जो माणूस निवडून येऊ नये असे मला मनापासून वाटत होते तोच निवडून आला. त्यानंतरच्या रविवारी मी त्या ओळीत नाव लिहिले खरे, पण प्रार्थना मात्र कागदावरची केली नाही. सत्तेचा मद चढलेल्यांना प्रभूने नमवावे, खोटी आश्वासने देऊन खुर्चीवर बसलेल्यांचे डोळे उघडावे, भोळ्या लोकांना शहाणपण द्यावे, असे बरेच काही मी शब्द तोलूनमापून वाचले. अर्ध्या लोकांनी नेहमीपेक्षा मोठ्याने आमेन म्हटले आणि अर्ध्यांनी म्हटलेच नाही. मला दोन्ही ऐकू आले आणि खरे सांगायचे तर दोन्हींनी बरे वाटले. उपासना संपल्यावर मंडळीतल्या सर्वांत वृद्ध आजी दारापाशी थांबल्या होत्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी अगदी सहज विचारले, "मुली, हे गाऱ्हाणं देवाला सांगत होतीस की आम्हाला?"

मला उत्तर सुचले नाही. ख्रिस्ती माणसाने राजकारणाकडे कसे पाहावे, हा प्रश्न त्यापूर्वी मी पुष्कळ वाचला होता आणि त्यावर पुष्कळ बोललेही होते. पण तो माझ्या अंगावर आला तो त्या दारात.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्याचा प्रघात मंडळीइतकाच जुना आहे. नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या कराव्यात, असे सांगितले आहे, आणि ते सांगितले गेले तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर एकाही सिंहासनावर ख्रिस्ती राजा नव्हता. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पाठवलेले आणि क्लेमेंतच्या नावाने ओळखले जाणारे पत्र आज उपलब्ध आहे. त्याच्या शेवटी राज्यकर्त्यांसाठी एक मोठी प्रार्थना आहे: त्यांना आरोग्य, शांती, एकोपा आणि स्थैर्य लाभो, म्हणजे दिलेला अधिकार ते न अडखळता चालवतील. आणखी शंभर वर्षांनी, १९७च्या सुमारास, कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहिले की आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, पण त्याला देव म्हणणार नाही. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, पण बारकाईने पाहिले तर दुसरे विधान पहिल्याच्या पोटातच आहे. ज्याच्या तब्येतीसाठी प्रार्थना करावी लागते तो आजारी पडू शकतो, ज्याच्या शहाणपणासाठी करावी लागते तो चुकू शकतो. सम्राटाच्या पुतळ्यापुढे चिमूटभर धूप जाळण्यास नकार देणारे लोक त्याच सम्राटाचे नाव प्रार्थनेत घेत होते, आणि त्या नाव घेण्यातच तो आपल्यासारखा माणूस असल्याची घोषणा होती. माझ्या त्या रविवारच्या प्रार्थनेत याच्या नेमके उलटे घडले होते. मी त्या माणसासाठी प्रार्थना केलीच नव्हती. त्याच्याविरुद्ध एक भाषण केले होते आणि देवाला त्याचा श्रोता म्हणून बसवले होते.

आजींच्या प्रश्नानंतर मी यिर्मया संदेष्ट्याचे पत्र पुन्हा वाचायला घेतले. ख्रिस्तपूर्व ५९७मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतील राजा, सरदार, कारागीर, लोहार अशा हजारो लोकांना बाबेलला पकडून नेले. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या बंदिवानांना जे पत्र धाडले ते त्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात मी तुम्हांला पाठवले त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. मराठीत जिथे हित किंवा शांती असे शब्द येतात तिथे मूळ हिब्रूत शालोम हा शब्द आहे आणि तो त्या एका वचनात तीन वेळा येतो. हे पत्र ज्यांना आले त्यांनी आपले मंदिर लुटले जाताना पाहिले होते. ज्याचे हित पाहायचे ते नगर लुटणाऱ्यांचे होते. त्या काळी हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे सांगत होता, आणि यिर्मया सत्तर वर्षांची भाषा करत होता. हनन्याची लोकप्रियता समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. यिर्मयाचे पत्र वाचून बाबेलमधल्या एकाने यरुशलेमेच्या याजकाला उलट लिहिले की या वेड्याला खोड्यात का अडकवले नाही. शत्रूच्या नगराचे भले चिंता असे सांगणाऱ्याची गणना तेव्हाही फितुरांतच होत होती.

या पत्रात बाबेल जिंकून घ्या असे नाही, आणि बाबेलपासून अंग चोरून आपापले पाहा असेही नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी या दोन्ही गोष्टी आलटून पालटून केल्या आहेत. तिसरी वाट, म्हणजे जे आपले नाही त्याचे भले करणे, ही मध्येच कुठेतरी दिसते आणि पुन्हा गवताखाली जाते.

इंग्रजीत ज्याला कॉमन गुड म्हणतात त्याला मराठीत आपण सार्वजनिक हित, लोकहित, सर्वांचे कल्याण असे निरनिराळे शब्द वापरतो. मला मात्र या ठिकाणी आपला समाईक हा शब्द अधिक नेमका वाटतो. सार्वजनिक म्हटले की ते सरकारचे, म्हणजे कोणाचेच नाही, असा एक अर्थ त्याला चिकटतो. समाईक म्हटले की दोन घरांमधली भिंत आठवते. तिची अर्धी जाडी माझी आणि अर्धी शेजाऱ्याची, अशी वाटणी करता येत नाही. माझ्या बाजूने ती पोखरली की त्याच्या बाजूचाही गिलावा पडतो. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, गळालेली कणसे वेचू नका, ती गरीब आणि परदेशी यांच्यासाठी राहू द्या, अशी आज्ञा आहे. शेत मालकाचेच राहते, त्याची मालकी कोणी काढून घेत नाही, पण कडेचे पीक कापण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. ते दान नाही, म्हणून त्याबद्दल कोणी मालकाचे आभार मानायचे नाहीत. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचायला गेली ती याच नियमाच्या बळावर गेली. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने कायद्याची व्याख्या करताना सांगितले की समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने समाईक हितासाठी केलेली आणि सर्वांना जाहीर केलेली विवेकाची योजना म्हणजे कायदा. आणि कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये समाईक हित म्हणजे व्यक्तींना आणि समूहांना आपापल्या पूर्णत्वाला पोहोचणे सुकर करणाऱ्या सामाजिक परिस्थितीची बेरीज, असे म्हटले. दोन्ही व्याख्या चांगल्या आहेत, पण मला त्यांच्यापेक्षा ती न कापलेली कड लवकर समजते.

ज्यांना राजकारणाचा विटाळ वाटतो अशा सज्जन ख्रिस्ती माणसांची संख्या थोडी नाही, आणि त्यांच्यासाठी शास्ते या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात एक गोष्ट आहे. तिच्यावर प्रवचन क्वचितच ऐकू येते, याचे मला नवल वाटते. अबीमलेखाने आपले सत्तर भाऊ एकाच धोंड्यावर मारवले आणि तो शखेमचा राजा झाला. त्यातून निसटलेला सर्वांत धाकटा भाऊ योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला आणि त्याने खालच्या लोकांना ओरडून एक कथा सांगितली. झाडे आपल्यावर राजा नेमायला निघाली. ती जैतुनाकडे गेली, तर तो म्हणाला, ज्या तेलाने देवाचा आणि माणसांचा मान होतो ते सोडून मी झाडांवर डोलत बसू काय? अंजिराने आपल्या गोडीचे कारण सांगितले, द्राक्षवेलीने आपल्या रसाचे. शेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. झुडूप म्हणाले, या, माझ्या सावलीत आसरा घ्या. नाही तर माझ्यातून अग्नी निघो आणि लबानोनाचे गंधसरू भस्म करो.

काटेरी झुडपाची सावली हा या कथेतला खरा विनोद आहे. पण मला टोचतात ती पहिली तीन झाडे. त्यांचे नकार खोटे नाहीत. तेल, अंजीर, द्राक्षारस या खरोखरच चांगल्या गोष्टी आहेत आणि राज्य करायला गेले तर त्या मागे पडतील ही भीतीही खरी आहे. शिकवणारी, शुश्रूषा करणारी, गाणारी, प्रामाणिकपणे धंदा करणारी माणसे नेमकी हीच कारणे देतात आणि तीही खरी असतात. तरीही या तीन खऱ्या कारणांच्या बेरजेतून झुडूप गादीवर बसते. कथा सांगणारा त्या झाडांना दोष देत नाही, हेही मी नोंदवून ठेवते. तो दोष देतो राजा मागणाऱ्यांना. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात इस्राएल लोक राजा मागतात तेव्हाही म्हातारा शमुवेल त्यांना हिशेबच वाचून दाखवतो: तो तुमचे मुलगे रथांपुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, उत्तम शेते आणि जैतुनबने घेऊन आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा भाग घेईल. लोक सगळे ऐकून घेतात आणि म्हणतात, तरी आम्हाला राजा पाहिजे, इतर राष्ट्रांसारखा. पवित्र शास्त्रात सत्तेविषयी भोळेपणा फारसा नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकारी हा देवाचा सेवक आहे आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात सत्ता समुद्रातून वर येणारे श्वापद आहे. एकाच ग्रंथाच्या दोन तेराव्या अध्यायांपैकी आपल्या सोयीचा तेवढा वाचणारे लोक दोन्ही बाजूंना सापडतात.

मंडळीच्या हाती स्वतःच सत्ता आली तेव्हा काय झाले, ते सांगताना माझी लेखणी जड होते. ३१३मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. ३८०मध्ये सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने तो साम्राज्याचा धर्म ठरला. त्यानंतर पाच वर्षांच्या आसपास, ट्रियर येथे, प्रिसिलियन या स्पेनमधल्या बिशपचा शिरच्छेद झाला. कागदोपत्री आरोप जादूटोण्याचा होता, पण त्याला दरबारात खेचणारे दुसरे ख्रिस्ती बिशपच होते. टूर्सच्या मार्टिनने त्याच्या प्राणांसाठी रदबदली केली आणि ती वाया गेली. छळ सोसणारा समाज छळ करणारा व्हायला जेमतेम सत्तर वर्षे लागली. म्हणजे लहानपणी जुना छळ पाहिलेला एखादा म्हातारा हे पाहायला जिवंत असू शकला असता. त्याच काळात, ३९०मध्ये, थेस्सलनीकेत सम्राटाच्या सैनिकांनी मोठी कत्तल केली तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याच थिओडोसियसला पश्चात्ताप केल्याखेरीज प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, देण्यास नकार दिला आणि सम्राटाला तो करावा लागला. दोन घटना, एकच पिढी. पहिल्यात बिशपांनी आपला प्रतिस्पर्धी संपवण्यासाठी राजाला हाताशी धरले. दुसरीत एका बिशपने मेलेल्या परक्या माणसांच्या वतीने राजाला अडवले.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने हे सगळे जवळून पाहिले होते. ४१०मध्ये रोम लुटले गेल्यावर, ख्रिस्ती धर्मामुळेच साम्राज्य बुडाले या आरोपाला उत्तर म्हणून त्याने बावीस भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात न्याय काढून घेतला तर राज्य म्हणजे मोठी दरोडेखोरी, असे तो म्हणतो. पकडलेला एक समुद्री चाचा शिकंदराला सांगतो की मी एका लहान जहाजाने हेच करतो म्हणून मला चोर म्हणतात आणि तू मोठ्या आरमाराने करतोस म्हणून तुला सम्राट म्हणतात, ही गोष्ट त्याने तिथेच सांगितली आहे. एखादे लोक कसे आहेत हे जाणायचे असेल तर ते मिळून कशावर प्रेम करतात ते पाहा, हेही त्याचेच. आणि याच ऑगस्टीनने आफ्रिकेतील डोनाटिस्ट या फुटून निघालेल्या ख्रिस्ती पंथाला वठणीवर आणण्यासाठी सरकारी बळाचा वापर योग्य ठरवला आणि त्यासाठी येशूने सांगितलेल्या मेजवानीच्या दाखल्यातील "त्यांना आत येण्यास भाग पाडा" या शब्दांचा आधार घेतला. त्याला आपल्या घरची भांडणे मिटवायची होती. दरोडेखोरीवरची त्याची दृष्टी तेवढ्यापुरती अंधुक झाली.

यातून माझ्या मनात हळूहळू एक आडाखा तयार झाला, आणि तो मी घट्ट नियम म्हणून मांडत नाही. मंडळी जेव्हा दाराबाहेरच्या कोणासाठी तोंड उघडते तेव्हा तिला बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. स्वतःचे आसन, इमारत किंवा एकी वाचवायला ती निघते तेव्हा तिच्या डोळ्यांवर झापड येते.

दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड मंडळीची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला तिच्यातल्या क्रूरतेपेक्षा तिच्यातल्या सभ्यतेचा धक्का बसला. १८२९मध्ये केपच्या धर्मसभेने प्रभुभोजन रंगाचा भेद न करता सर्वांना एकत्र द्यावे असे ठरवले होते. १८५७मध्ये त्याच सभेने ठराव केला की नव्या विश्वासणाऱ्यांना आहे त्याच मंडळीत सामावून घेणे इष्ट आणि शास्त्रसंमत आहे. परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे याने ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा येत असेल तिथे त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. ही वाक्यरचना पुन्हा वाचावी अशी आहे. तत्त्व शाबूत ठेवले आहे, दुर्बलता आपलीच आहे हे कबूल केले आहे, आणि मग सगळा भार ज्यांची दुर्बलता नव्हती त्यांच्या डोक्यावर ठेवला आहे. १८८१मध्ये त्या वेगळ्या इमारतींची वेगळी मंडळी झाली. १९४८मध्ये वर्णभेदाचे धोरण घेऊन नॅशनल पक्ष सत्तेवर आला, आणि त्याचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे पूर्वी याच डच रिफॉर्म्ड मंडळीचे पाळक होते. काहींची अडचण नको म्हणून सुरू झालेली गोष्ट शतकभराने देशाचा कायदा झाली. वेगळ्या बसवलेल्या त्याच मंडळीने १९८२मध्ये बेल्हार येथे एक विश्वासनामा तयार केला आणि १९८६मध्ये स्वीकारला. देव विशेषेकरून निराधार, गरीब आणि अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे, असे त्यात म्हटले आहे. दाराबाहेर काढलेल्यांनी आतल्यांना विश्वास शिकवला.

जर्मनीची गोष्ट याहून अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथले लोक शूर होते. हिटलरच्या राजवटीला जुळवून घेणाऱ्या ख्रिस्ती गटांच्या विरोधात मे १९३४मध्ये बार्मेन येथे जो जाहीरनामा निघाला, त्याचा मसुदा मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थचा. येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन आहे, राज्यसंस्था मानवी जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था होऊ शकत नाही, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. तो काळ पाहता हे सांगायला धैर्य लागत होते. पण त्या सहा कलमांत यहुदी लोकांविषयी एक शब्दही नाही. मंडळी मंडळीचे रक्षण करत होती. डीट्रिख बोनहोफर या तरुण जर्मन पाळकाने त्याच्या एक वर्ष आधी, १९३३मध्येच, लिहिले होते की राज्य अन्याय करते तेव्हा मंडळीने त्याला जाब विचारावा, चाकाखाली सापडलेल्यांची, ते मंडळीचे सभासद असोत वा नसोत, मलमपट्टी करावी, आणि वेळ आलीच तर ते चाकच अडवावे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी देण्यात आले. युद्धानंतर ऑक्टोबर १९४५मध्ये श्टुटगार्ट येथे जर्मन मंडळीच्या पुढाऱ्यांनी दोषाची कबुली दिली. आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, असे ते म्हणाले, आणि त्या कबुलीतही यहुद्यांचे नाव आले नाही. बार्थने पुढे, १९६७मध्ये, म्हातारपणी एका पत्रात लिहिले की यहुद्यांचा प्रश्न आपण तेव्हा निर्णायक ठरवला नाही, याबद्दल आपल्याला फार पूर्वीपासून अपराधी वाटत आले आहे. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या उशिरा हे लिहिणे मला त्या जाहीरनाम्याइतकेच मोलाचे वाटते.

आता माझ्या आडाख्यावरचा आक्षेप. स्वतःसाठी बोलूच नये काय? जे संख्येने थोडे आहेत, ज्यांच्यासाठी दुसरे कोणीच बोलत नाही, त्यांना हा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात याचे एक सुरेख उत्तर आहे. फिलिप्पै येथे प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की त्यांना सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमचे नागरिक असताना आम्हाला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी घाबरले आणि आले. पौलाला त्याच दिवशी ते गाव सोडायचे होते; त्याच्या पाठीवरचे वळ त्या माफीने जाणार नव्हते. पण जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेच्या घरी नुकतीच एक लहानशी मंडळी उभी राहिली होती, आणि गावच्या अधिकाऱ्यांनी आपण कायदा मोडल्याचे कबूल करून ठेवणे त्या मागे राहणाऱ्यांच्या उपयोगी होते. शिवाय विनाचौकशी फटके खाणारा उद्या कोणीही असू शकला असता. आपला हक्क मागताना तो समाईक करून मागता येतो, असे मला इथे दिसते.

राजकारणात असे समाईक काही प्रत्यक्ष उभे राहू शकते का, असे कोणी विचारले तर मी कोळसा आणि पोलाद यांचे उदाहरण देते. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला की फ्रान्स आणि जर्मनी यांचे कोळशाचे आणि पोलादाचे सगळे उत्पादन एका समाईक अधिकाराखाली ठेवावे आणि इतर देशांनाही त्यात येण्याची मुभा असावी. तोफा ज्यापासून ओततात तोच माल एकत्र ठेवला म्हणजे युद्धाचा विचारच नव्हे तर त्याची शक्यताही उरू नये, हा त्यामागचा हिशेब होता. पुढच्या वर्षी सहा देशांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या. शुमान, जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर आणि इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी हे तिघेही श्रद्धाळू कॅथलिक होते. शुमान यांच्या त्या निवेदनात मात्र देवाचे किंवा धर्माचे नाव कुठेही नाही. उत्पादन, वाहतूक, मजुरांचे राहणीमान अशा रुक्ष गोष्टींनी ते भरले आहे, आणि म्हणूनच ते मला प्रार्थनेच्या जवळचे वाटते. पाच वर्षांपूर्वीच्या शत्रूला भिंतीत वाटेकरी करून घेणे हे यिर्मयाच्या पत्रापासून फार दूर नाही. मोठ्या संस्थेने लहानांची कामे गिळू नयेत, कुटुंबाला, संघटनेला, गावाला जे जमते ते त्यांच्याकडून हिरावून घेणे हा अन्याय आहे, असे पोप पायस अकरावे यांनी १९३१मध्ये एका पत्रात लिहिले होते. समाईक व्यवस्था उभारणाऱ्यांनी हे दुसरे टोकही धरून ठेवावे लागते, नाही तर आकाशाला भिडू पाहणारा बाबेलचा बुरूज पुन्हा वर येऊ लागतो.

आमच्या मंडळीत मात्र प्रश्न इतका उदात्त होऊन येत नाही. पुढच्या निवडणुकीच्या आधी वडीलमंडळाच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. उभ्या असलेल्यांपैकी एकाने आमच्या प्रार्थनागृहाच्या जागेचे रखडलेले काम मार्गी लावण्याचे कबूल केले होते, आणि त्याबदल्यात मंडळीने त्याच्यासाठी दोन शब्द जाहीरपणे बोलावेत अशी त्याची अपेक्षा होती. कागदपत्रांसाठी खेटे घालून आम्ही थकलो होतो. मी स्वतः मनातून होकार दिला होता. इतकेच नव्हे, त्या कामी लागणाऱ्या सह्यांची यादीही मी करून नेली होती. चर्चा बरीच वेळ चालली. त्या आजी कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी एकच गोष्ट विचारली: "आपल्या भिंतीपलीकडं राहतात, त्यांना त्यानं काय कबूल केलंय?" कोणालाच माहीत नव्हते. भिंतीपलीकडे कोण राहते हेही आमच्यापैकी दोघांनाच नीट सांगता आले.

मग आम्ही काही जाहीर केले नाही. एक कुटुंब रागावले आणि यायचे बंद झाले, ते अजून आलेले नाही. जागेचे काम अजून रखडलेले आहे. आम्ही बरोबर वागलो असे ठामपणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या कुटुंबाचे आजारी वडील पावसाळ्यात गळक्या छपराखाली बसून उपासना करत आणि त्यांच्या दृष्टीने हा तत्त्वाचा प्रश्न नव्हताच. पण त्यानंतर आम्ही भिंतीपलीकडे जाऊन आलो, आणि प्रार्थनेच्या कागदावर शोकग्रस्तांच्या ओळीखाली मी आणखी एक मोकळी जागा सोडली आहे. तिथली नावे आमच्या मंडळीतली नसतात.

राज्यकर्त्यांच्या ओळीत नाव लिहिण्याची पद्धत बाईंनी सांगितली तीच चालू ठेवली आहे. दर वेळी आधीचे नाव खोडावे लागते, आणि इतक्या वेळा खोडल्यामुळे तेवढ्या जागी कागद इतका विरळ झाला आहे की प्रकाशासमोर धरला तर पलीकडचा हात दिसतो. गेल्या शनिवारी रात्री मी ते नाव पुन्हा लिहिले. हाही मला नको असलेलाच माणूस आहे. त्याची प्रकृती, त्याची झोप, त्याचे सल्लागार, त्याच्या घरची माणसे यांच्यासाठी मी दुसऱ्या दिवशी प्रार्थना वाचली, आणि वाचताना माझा आवाज दोनदा कोरडा पडला. उपासनेनंतर आजी दारातच होत्या. त्यांनी माझा हात नेहमीसारखा हातात घेतला, या वेळी काही विचारले नाही, आणि पायऱ्या उतरायला मला धरून निघाल्या.